उन्हाळी लागली की लघवीचा संसर्ग झाला?

एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीवरून हिंजवडी नाहीतर खराडी गाठणाऱ्यांना लघवीची जळजळ नवी नाही. पाणी कमी पडतं, लघवी गडद होते, आग होते. अशी उन्हाळी भरपूर पाणी प्यायल्यावर बहुतेकदा दिवसभरात उतरते. दुसऱ्या दिवशीही जळजळ तशीच, सारखी घाई आणि होते मात्र थेंबभर, ओटीपोटात दुखतंय, लघवी गढूळ किंवा लालसर दिसतेय, तर संसर्ग समजून डॉक्टरांकडे जावं. धन्याचं पाणी, सब्जा जरूर प्या. जंतू त्याने मरत नाहीत. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखणं म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असू शकतो. मग त्याच दिवशी दाखवा.

जंतू बहुधा ई-कोलाय, आपल्याच आतड्यातला. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी, पुरुषांचा साधारण २० सेंमी, त्यामुळे बायकांना हा त्रास फार जास्त. पुरुषाला झाला तर प्रोस्टेट, मुतखडा, मधुमेह यांपैकी काही आहे का ते बघावं लागतं.

घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिने जंतू अर्धवट दबतात, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळायचा मार्ग बंद होतो. तरुण बाईच्या पहिल्या साध्या संसर्गात डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात, ते योग्यच. पण त्रास पुन्हा झाला, ताप असला, रुग्ण गरोदर, पुरुष किंवा लहान मूल असलं, तर पहिल्या गोळीआधी नमुना द्या.

डबी लॅबमधलीच निर्जंतुक हवी, घरची धुतलेली बाटली चालत नाही. हात साबणाने धुवा, लघवीची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन कोरडी करा. बायकांनी त्वचा बोटांनी बाजूला धरावी. सुरुवातीची धार सोडून द्या, न थांबता मधली धार डबीत घ्या, अर्धी भरली की पुरे. डबीच्या आत किंवा झाकणाला आतून बोट लागू देऊ नका. दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. डबी गाडीच्या डिकीत उन्हात राहिली तर त्यातले जंतू वाढत जातात आणि रिपोर्ट फसवतो. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. 'मिक्स्ड ग्रोथ', म्हणजे एकापेक्षा जास्त प्रकारचे जंतू उगवले, असं आलं तर बहुधा नमुना दूषित झालेला असतो, पुन्हा द्या.

'स्वारगेटहून गाडीत बसायचंय, पाणी कमी पी' हा घरोघरचा सल्ला मात्र सोडायला हवा. कमी पाणी पिणाऱ्या आणि वरचेवर संसर्ग होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं, तेव्हा संसर्ग जवळपास निम्म्यावर आल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.) लघवी तुंबवू नका, संबंधानंतर लगेच जाऊन या, शौचानंतर पुढून मागे धुवा, बद्धकोष्ठ राहू देऊ नका. सुगंधी 'इंटिमेट वॉश'ची गरज नाही. योनीतले उपयोगी जंतू त्याने कमी होऊ शकतात. पाळी गेल्यानंतर संसर्ग वारंवार होत असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. त्याचा उपयोग चांगला होतो, पण लाजेपायी विषय निघतच नाही.

काहीच तक्रार नसताना हेल्थ चेकअपमध्ये लघवीत जंतू दिसले, तर सहसा औषध लागत नाही. अपवाद गरोदर बाईचा आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाचा.