सॉरी कुठे आणि कसं म्हणायचं

शिकवणीत एकाने विचारलं, "मॅडम, मैत्रिणीचे वडील वारले, त्यात माझी काय चूक? मी का सॉरी म्हणू?" प्रश्न रास्त होता. सॉरी आला जुन्या इंग्रजीतल्या 'सारिग'वरून, म्हणजे व्यथित. 'सोअर थ्रोट'मधला 'सोअर', म्हणजे दुखरा, त्याचा सख्खा नातलग. 'सॉरो', म्हणजे शोक, मात्र नात्यातला नाही, नुसता चेहरा मिळताजुळता. म्हणजे सॉरीत दुःखाचा अर्थ आधीचा, माफीचा नंतर चिकटला. तेव्हा सांत्वनाला 'आय ॲम सॉरी' खुशाल म्हणा. मराठीत बोलत असाल तर आपलं "फार वाईट झालं" बरं.

चूक झाली असेल, तर 'सॉरी फॉर'पुढच्या क्रियापदाला 'इंग' लावा: 'सॉरी फॉर कमिंग लेट'. 'सॉरी फॉर कम लेट' ऐकलं की माझा खडू फळ्यावरच थांबतो. आत्ता त्रास देताय? 'सॉरी टू डिस्टर्ब यू'.

ऐकू आलं नाही, तर सूर चढवून नुसतं 'सॉरी?' म्हणजे "काय म्हणालात?" सूर खाली पडला, तर समोरचा "असू दे" म्हणतो आणि वाक्य पुन्हा ऐकायला मिळतच नाही. 'अ सॉरी स्टेट' म्हणजे दैना. आमच्या वर्गातल्या पंख्याची आहे तशी.