नगावरचा भत्ता बदलताना

कामगारांना प्रोत्साहन कसे द्यावे, हा विचार लहान कारखान्यांत बहुधा टार्गेट आणि भत्त्यापाशीच थांबतो. ती पद्धत बदलायची असेल, तर सध्याचा भत्ता माणसाला नेमके काय करायला लावतो, हे आधी महिनाभर मशीनजवळ उभे राहून पाहावे. पॉवर प्रेसवर, म्हणजे धातूचा पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या मशीनवर, दर नगामागे पैसे मिळत असतील, तर हात प्रेसबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कायमचे दाबून बांधलेले किंवा हात आत गेल्यास मशीन थांबवणारा सेन्सर बंद केलेला आढळू शकतो. अशा वेळी ऑपरेटरला बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण घाई पगारपत्रकाने शिकवलेली असते आणि बोटे मात्र त्याची जातात.

हे केवळ कारखान्यांतच घडते असे नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत खाती उघडण्याच्या टार्गेटपायी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले आणि अखेर ती टार्गेटच रद्द करावी लागली.

म्हणून नगावरचा भाग लहान करावा, तो एकट्याचा न ठेवता पूर्ण शिफ्टचा ठेवावा आणि त्यात फक्त चांगला माल मोजावा. पहिले तीन महिने कोणाचीही कमाई घटणार नाही, हे लेखी द्यावे. मूळ पगार आठ तासांत घर चालेल इतका असावा; जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्याने आठ तासांचा दिवस १९१२ मध्येच, कायद्याची सक्ती नसताना, लागू केला होता.

‘अपघात नाही तर बक्षीस’ अशी योजना मात्र करू नये. तिच्यामुळे अपघात टळण्याऐवजी किरकोळ जखमा लपवल्या जातात. त्याऐवजी थोडक्यात टळलेला अपघात जो सांगेल, त्याची नोंद घेऊन आठवड्याच्या आत दुरुस्ती करावी.

सर्वांत अवघड भाग मशीन थांबवण्याच्या अधिकाराचा आहे. टोयोटाच्या कारखान्यांत अडचण दिसताच कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, गटप्रमुख मदतीला येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही, तर लाइन थांबते. आपल्याकडे हा अधिकार तोंडी दिला जातो, पण थांबलेला वेळ भत्त्यातून कापला जातो आणि सुपरवायझरचा स्वतःचा भत्ता उत्पादनावरच राहतो. त्यामुळे बदलाची सुरुवात सुपरवायझरच्या भत्त्यापासून करावी आणि ऑपरेटरने सुरक्षेसाठी थांबवलेला वेळ चालू वेळ म्हणूनच धरावा.