कागदावरचे पिवळे ठसे: अ‍ॅपचा कच्चा नमुना लोकांपुढं ठेवताना

हळदीच्या हंगामात सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात गेलात, की चपलांना, ओढणीला, मोबाइलच्या कव्हरला पिवळी भुकटी लागतेच. माझ्या ड्रॉवरमध्ये एक फाइल आहे, तिच्यातल्या कागदांवरही तीच भुकटी आहे. कागदांवर पेन्सिलीनं मोबाइलच्या स्क्रीन काढल्यात आणि त्यांवर शेतकऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटलेत. कुणी कुठं बोट टेकवलं, कुठं उगाच दोनदा टेकवलं, कुठं कुणाचंच बोट गेलं नाही, हे सगळं त्यात दिसतं. मी ती फाइल जपून ठेवली आहे, कारण अ‍ॅप बांधायच्या आधी लोकांना कसं विचारावं हे मी त्या कागदांवर शिकले.

मी स्क्रीन डिझाइन करते. शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या एका अडत दुकानासाठी अ‍ॅप करायचं होतं. आपल्या मालाला सौद्यात, म्हणजे लिलावात, काय दर निघाला, पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) किती झाली, उचल (दुकानातून आधी घेतलेले पैसे) वजा जाऊन हातात काय पडणार, हे शेतकऱ्याला घरबसल्या दिसावं एवढाच हेतू. पहिल्या वेळी मी काय केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण तसंच करतात. फिग्मा या स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरात रंगीत, गुळगुळीत स्क्रीन केल्या, लॅपटॉप दुकानात नेला आणि मालक गादीवर बसलेले असताना सहा शेतकऱ्यांना दाखवला. 'कसं वाटतंय?' म्हणून विचारलं. सहाही जण म्हणाले, 'चांगलं हाय की.' आम्ही दोन महिने खपून अ‍ॅप बांधलं. पुढं तेच सहा जण पट्टी विचारायला दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजींना फोन करत राहिले.

त्यातलं कुणी खोटं बोललं नव्हतं. ज्याच्याकडून उचल घेतलीय त्याच्या देखत, एका पोरीनं मेहनतीनं केलेल्या कामाला नावं ठेवणं आपल्या रीतीत बसत नाही. एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं. मत विचारायचं नाही. काम द्यायचं, आणि माणूस ते कसं करतो ते बघायचं.

नमुना कागदावरच हवा

साहित्य साधं आहे. ए-फोर कागद, पेन्सिल, खोडरबर, कात्री आणि जुन्या वहीचा पुठ्ठा. पुठ्ठ्याला फोनच्या स्क्रीनएवढी खिडकी कापा. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या चिठ्ठीवर काढा, खिडकीपेक्षा बोटभर मोठी, म्हणजे मागून सरकवता येते. बटण दाबल्यावर जी यादी उघडते ती घडी घातलेल्या कागदाची करा. तुमच्याबरोबर एक जण हवा, जो फोन होईल. समोरच्यानं जिथं बोट ठेवलं तिथली पुढची चिठ्ठी त्यानं सरकवायची, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आमच्या ऑफिसातला प्रोग्रामर पहिल्या दिवशी तीनदा 'खाली बघा, खाली' म्हणाला.

लॅपटॉपवर हेच झटपट होत असताना कागद कशाला, असं मला अजूनही विचारतात. रंगीत स्क्रीन दाखवली की माणसाला ती झालेली वाटते. मग तो रंगावर बोलतो, फार तर अक्षर मोठं करा म्हणतो. पेन्सिलीचं काम बघून तो ओळखतो की हे अजून बदलता येतं. मणेराजुरीकडच्या एका मावशींनी माझ्या हातातली पेन्सिलच घेतली. मी 'निव्वळ देय रक्कम' असं लिहिलं होतं. त्यांनी त्यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'हातात'. लॅपटॉपवर ही दुरुस्ती मला कधीच मिळाली नसती.

कागद कच्चा असला तरी त्यावरचे आकडे कच्चे नकोत. पहिल्या फेरीत मी हळदीचा दर मनानं लिहिला, चालू बाजारापेक्षा बराच कमी. एका काकांनी तो वाचला आणि पुढची दहा मिनिटं ते दर पडल्याच्या धास्तीनं बोलत होते. स्क्रीन बाजूला राहिली. तेव्हापासून मी आदल्या आठवड्याचा दर, पोत्यांची खरी वाटेल अशी संख्या आणि त्याला जुळणारी हमाली-तोलाई लिहिते. बेरीज-वजाबाकी तंतोतंत करते, कारण शेतकरी ती मनात करून बघतोच. मात्र कुणाच्या खऱ्या खात्यावरचे आकडे घेऊ नका. कुणावर किती उचल आहे ही चारचौघांत उघडी करायची गोष्ट नव्हे.

कुणाला, कुठं, कधी

सौदा चालू असताना कुणाला थांबवू नका. वर्षाची कमाई त्या काही मिनिटांत ठरते, तेव्हा तुमच्या कागदाकडं कोण बघेल? सौदा उरकून पट्टी हातात पडेपर्यंत माणसं चहाच्या गाड्याजवळ, टेम्पोच्या सावलीत थांबलेली असतात. ती वेळ आपली. दुकानापासून लांब बसा, मालक आणि दिवाणजी दिसणार नाहीत इतक्या लांब.

अ‍ॅप वापरणार कोण, हे आपण घरबसल्या ठरवतो आणि चुकतो. मी सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषांना विचारत होते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की बऱ्याच घरांत स्मार्टफोन पोराकडं असतो आणि पट्टीचा फोटो त्याला पाठवला जातो. हिशेबाची वही मात्र घरच्या बाईकडं असते. मणेराजुरीच्या त्या मावशी नवऱ्याबरोबर सहज आल्या होत्या. मालाचे बोलणे नवरा करत होता, पण मागची पट्टी कितीची होती ते मावशींना पाठ होतं. सांगलीत कर्नाटकातूनही हळद येते, म्हणून कानडी बोलणारेही दोघे निवडले. अथणीकडच्या एका शेतकऱ्याला माझे देवनागरी आकडे चाचपडत वाचावे लागले. तेच इंग्रजी आकड्यांत लिहिल्यावर त्यानं एका नजरेत वाचले. हे मला माझ्या खुर्चीत बसून सुचलं नसतं.

आपण काय बोलायचं

सुरुवातीला मी तीन गोष्टी सांगते. परीक्षा कागदाची आहे, तुमची नाही. अडलात तर कागद चुकला असं आम्ही धरणार. आणि हा कागद आज संध्याकाळी बदलायचाच आहे. 'हे मी केलंय' असं म्हणत नाही, कारण तेवढ्यानं समोरच्याची जीभ आखडते. वेळ मोडल्याबद्दल भडंगाचा एक पुडा देते, आणि काहीही बोललात तरी तो तुमचाच, हे आधीच सांगून टाकते.

मग काम. 'पट्टीचं पान सापडतंय का बघा' असं म्हटलं, की माणूस पट्टी हा शब्द शोधतो आणि दाबतो. त्यातून काहीच कळत नाही. काम त्यांच्या दिवसातलं हवं: 'समजा काल तुमचा माल लागला. आज पोराची फी भरायचीय. हातात किती येणार ते यात बघून मला सांगा.' एवढं बोलून गप्प बसायचं. मी मनात दहापर्यंत आकडे मोजते, आणि बहुतेक वेळा आठ-नऊच्या सुमाराला माणूस बोलायला लागतो. 'हे दाबू काय?' असं विचारलं तर हो-नाही म्हणू नका. 'दाबल्यावर काय होईल असं वाटतंय?' असं विचारा. उत्तर चुकलं तरी सोनं हातात आलं असं समजा, कारण त्या बटणाकडून लोकांची अपेक्षा काय आहे ते आता तुम्हाला कळलं.

मनात चाललेलं मोठ्यानं बोलत काम करायला लावणं ही या क्षेत्रातली जुनी पद्धत. आयबीएममध्ये काम करणाऱ्या क्लेटन लुईस यांनी ती १९८२ साली या कामासाठी मांडली. यार्डात ती जशीच्या तशी चालली नाही. अनोळखी बाईपुढं एकट्यानं स्वतःशी बोलायचं, हे माणसांना अवघडल्यासारखं होतं. मग मी जोडीनं बसवायला लागले: नवरा-बायको, एका गावचे दोघे, सासरा आणि जावई. कागद एक, माणसं दोन. ती एकमेकांशी बोलतात आणि आपल्याला आयतं ऐकायला मिळतं. 'ते न्हवं, ते मागचं हाय.' 'मग आत्ताचं कुठं गेलं?' या दोन वाक्यांवर मी एक अख्खी स्क्रीन बदलली. जोडीत एकच जण बोलायला लागला, तर कागद दुसऱ्याच्या हातात द्या.

बोलकं करायचा आणखी एक उपाय म्हणजे एकाच कामाचे दोन वेगळे कागद दाखवणं. एकच दाखवला की वाईट बोलायचा संकोच. दोन असले की 'ह्यापेक्षा ते बरं' म्हणता येतं, आणि 'का?' विचारलं की खरी तक्रार बाहेर येते. संगणकाच्या रचनेचे अभ्यासक बिल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: एकच नमुना बघणारे त्याला जास्त गुण देतात, अनेक बघणारे जास्त परखड होतात.

सगळ्यात मोलाचं सापडलं ते एका प्रश्नातून. दर आल्यावर शेतकऱ्याला कळवण्याची स्क्रीन होती, खाली दोन बटणं: 'मंजूर' आणि 'नामंजूर'. आटपाडीकडच्या एका काकांचं बोट दोन्ही बटणांच्या मधोमध थांबलं. त्यांनी विचारलं, 'न्हाई म्हटलं तर माझा माल कुठं जाणार?' मी गडबडले. ठरल्याप्रमाणं त्यांनाच विचारलं, काय व्हायला हवं? ते म्हणाले, 'मी दर न्हाई, माल ठेवायचा का द्यायचा ते सांगत असतो.' शेतकऱ्याच्या डोक्यात दराला मंजुरी नसतेच. माल द्यायचा की पुढच्या सौद्यापर्यंत ठेवायचा, एवढाच निर्णय असतो, आणि ठेवायचा तर कुठं, किती दिवस, भाडं किती, हे लगेच कळायला हवं असतं. माझी दोन बटणं चुकीच्याच प्रश्नाची होती. त्या दुपारी टेम्पोच्या सावलीतच 'माल द्या' आणि 'माल ठेवा' असं लिहिलं, आणि 'ठेवा'च्या मागं एक नवी चिठ्ठी काढली. त्यानंतरच्या जोडीचं बोट मधे थांबलं नाही.

किती जण पुरेत

रचना वापरायला किती सोपी जाते याचे अभ्यासक जेकब निल्सन आणि टॉम लँडॉवर यांनी १९९३ साली हिशेब मांडला होता. सरासरी एक माणूस रचनेतल्या सुमारे ३१ टक्के अडचणी उघड करतो, त्या हिशेबानं पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण हे पाच एकाच तऱ्हेचे हवेत. दोन शेतकरी, दोन दिवाणजी आणि एक कॉलेजचा पोरगा मिळून पाच होत नाहीत. मी एका दिवसात एका तऱ्हेच्या चार-पाच जोड्या घेते, रात्री कागद बदलते, दोन दिवसांनी पुन्हा जाते. एकदम वीस जणांना एकच चुकलेला कागद दाखवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या कितीतरी बऱ्या.

त्याच संध्याकाळी

नोंदवहीच्या पानाचे तीन भाग करा: काय केलं, काय म्हणाले, मला काय वाटलं. तिसरा भाग वेगळा ठेवला नाही तर आठवडाभरानं आपलंच मत त्यांच्या तोंडी घातलं जातं. नावं लिहू नका, 'पहिली जोडी', 'दुसरी जोडी' पुरे. फोटो विचारूनच काढा, आणि फक्त हातांचे.

नोंदी त्याच दिवशी वाचा. कामच पुरं झालं नाही अशा जागा आधी, वेळ गेला त्या नंतर. मागण्यांचा गठ्ठा वेगळा ठेवा. 'पाऊस पण दावा की यात' असं चौघांनी सांगितलं म्हणून हवामान घालू नका. 'पाऊस शेवटचा कधी बघितला, कुठं बघितला?' असं विचारा. चौघांनीही त्याच सकाळी फोनवर तो बघितलेला होता. मग आमच्या अ‍ॅपात त्याचं काय काम?

कागदावर कळत नाही असंही बरंच असतं. भर उन्हात स्क्रीन दिसते का, हळदीनं माखलेल्या बोटाला ती दाद देते का, रेंज गेली तर काय होतं, हे खऱ्या फोनवरच बघावं लागतं. तिकडं वळायची वेळ कधी येते? लागोपाठच्या दोन फेऱ्यांत नवीन अडचण निघाली नाही, तेव्हा मी कागद बाजूला ठेवते.

आणि ज्यांनी दुरुस्ती सुचवली त्यांना ती दाखवायला परत जा. तिसऱ्या फेरीला त्या मावशी पुन्हा यार्डात भेटल्या. 'हातात' हा शब्द सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलेला कागद मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, आकडा वाचला, खाली हमाली-तोलाई बघितली, उचल बघितली, ओठांत वजाबाकी केली. मग म्हणाल्या, 'उचल मागची किती होती आणि ह्यात किती फिटली, ते कुठं हाय?' मी पेन्सिल त्यांच्याकडं सरकवली.