अळंबीवर संशोधन करायचंय? नाव नंतर, नमुना आधी

सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात अळंबीवर पीएच.डी. कशी होणार, असं घरचेही विचारतील आणि विभागातलेही. विचारू देत. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या सुमारास. हंगाम आखूड, हे खरंच. पण वारुळांवर येणारी टर्मिटोमायसिस, उष्ण-कोरड्या मुलखात तग धरणारी पोडॅक्सिस, झाडांच्या बुंध्याशी धरणारी गॅनोडर्मा एवढ्यावर प्रबंध उभा राहतो. घाबरू नका.

विषय मात्र जपून ठरवा. टर्मिटोमायसिस वाळवीच्या आधाराने जगते, वाळवी तिला आपल्या घरट्यात पोसते. म्हणून तिची धिंगरीसारखी कडब्यावर लागवड होत नाही. प्रस्तावात ‘व्यावसायिक लागवड’ हे शब्द छान दिसतात, पण त्यापायी वर्षं जातात.

आता ज्या सापळ्यात मी अडकले, त्याबद्दल सविस्तर. नमुना आणायचा, डीएनए काढायचा, आयटीएस भागाचा (बुरशीच्या जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा एक तुकडा) क्रम, म्हणजे त्यातल्या अक्षरांची मांडणी, करून घ्यायचा, तो ब्लास्टमध्ये (साठवलेल्या क्रमांशी जुळणी करणाऱ्या संगणकीय साधनात) टाकायचा आणि पहिल्या ओळीत येईल ते नाव लिहून मोकळं व्हायचं. आयटीएस हा बुरशींचा अधिकृत बारकोड, म्हणजे जात ओळखण्याची खूण, म्हणून 2012 मध्ये पुढे आला, त्यामुळे या पद्धतीत चूक दिसतच नाही. चूक असते डेटाबेसातल्या नावात. जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसात क्रम जमा करणारा जे नाव देतो, बहुतेक वेळा तेच राहतं. 99 टक्के साम्य म्हणजे तुमचा क्रम कुणाच्या तरी क्रमाशी जुळला, एवढंच. त्या माणसाने ओळख बरोबर केली होती का, हे तो आकडा सांगत नाही.

गॅनोडर्माचंच घ्या. लाखेसारखी चकचकीत लाल टोपी दिसली की आपण ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ लिहितो. ते नाव मुळात 1781 मध्ये इंग्लंडमधल्या नमुन्यावरून दिलेलं आहे. चीनमध्ये औषधी म्हणून वाढवली जाणारी जात वेगळी निघाली आणि 2012 मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव मिळालं. दरम्यान जुन्या नावाचे कितीतरी आशियाई क्रम डेटाबेसात साचले. तुमचा क्रम त्यांच्याशी जुळला, तर तीच चूक तुमच्या नावाने पुढे जाते.

यातून सोडवतो तो फक्त जपून ठेवलेला नमुना. नाव उद्या बदलता येतं, फेकून दिलेली अळंबी परत मिळत नाही. ताजी असतानाच रंग, वास, आधाराचं झाड आणि जागा लिहा. टोपीची अळंबी असेल तर टोपी रात्रभर कागदावर उपडी ठेवून बीजाणूंचा (बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म कणांचा) ठसा घ्या. प्लास्टिक पिशवीत कोंबू नका, सडते. चाळीसेक अंश उष्णतेत कडकडीत वाळवा. गॅनोडर्माचे दुहेरी भिंतीचे, एका टोकाला छाटल्यासारखे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहा. मग वाळलेला नमुना घेऊन पुण्याला आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर बुरशीसंग्रहाकडे, जिथे वाळवलेले नमुने क्रमांक देऊन जपतात, चौकशी करा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहेच. संग्रहाचा क्रमांक मिळाल्याशिवाय शोधनिबंध लिहायला बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची यादी मोजू नका. चिखलात तुमच्याबरोबर उतरणारा, स्लाइडला डोळा लावणारा माणूस शोधा. ओळख पक्की न करता अर्क काढून अँटिऑक्सिडंट चाचण्यांचे तक्ते छापायला लावणाऱ्यांपासून लांब राहा. कशाचा अर्क, हेच माहीत नसेल तर त्या आकड्यांचं कुणी काय करायचं? नमुने गोळा करताना नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक तुकडाही उचलू नका.

सूक्ष्मदर्शकाची भीती वाटत असेल तर ती जाते. सुरुवातीला सगळे बीजाणू सारखेच दिसतात, हात बसायला वेळ लागतो, आणि तो सगळ्यांनाच लागतो.

गावात लोक हमखास विचारतात, “ताई, ही खायला चालेल का?” भीड न ठेवता नाही म्हणा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस गवतात उगवते, पांढरी, भरदार, अगदी खाण्यासारखी दिसते. खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तिच्या बीजाणूंचा ठसा हिरवट येतो. तो ठसा विचारणाऱ्याच्याच घरी, कागदावर काढून लोकांना दाखवा.