वृद्धाश्रमात ढेकूण झालेत? फवारणीवाल्याच्या आधी स्क्रूड्रायव्हर शोधा

घोडबंदर रोडला काय नि नेरूळला काय, वृद्धाश्रमात ढेकूण झाले की ट्रस्टी लोक आधी एकच विचारतात, फवारणीचे किती घेणार. बरीच वर्षं अशा ठिकाणी देखभालीचं काम बघतोय आणि माझं ठाम मत आहे की फवारणी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरं काम खाटेत आणि खाटेखालच्या सामानात असतं आणि नेमकं तेच टाळलं जातं.

आधी ढेकूणच आहेत ना ते बघा. आजी-आजोबा तक्रार करत नाहीत म्हणून नसतील असं धरू नका, या वयात बऱ्याच जणांच्या अंगावर चावल्याची गांधीच उठत नाही. गादीच्या शिवणीत काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे बारीक डाग दिसले की समजायचं. काहीच सापडत नाही पण तीन-चार जण रात्रभर खाजवतायत, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे, तर डॉक्टरांना दाखवा, ती खरूज असू शकते आणि खरजेला खोली फवारून काही होत नाही.

चादरी, अभ्रे, कपडे खोलीतच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा आणि मग बाहेर काढा. ६० अंशांच्या पाण्यात धुवा, ड्रायर असेल तर अर्धा तास गरमवर फिरवा.

आता खाट. फाउलर बेडच्या, म्हणजे हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येणाऱ्या हॉस्पिटलच्या खाटेच्या, पाइपांच्या टोकाला काळी रबरी टोपणं असतात बघा, ती स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढा आणि आत टॉर्च मारा. आम्ही दोनदा फवारणी करून घेतली तरी एका खोलीतले ढेकूण जात नव्हते, शेवटी टोपण काढलं तर आत मोठे, पिल्लं, कात, पांढरी अंडी सगळं एकावर एक चिकटलेलं. तिथे बाहेरून मारलेलं औषध पोचतच नाही. तेव्हा टोपणं, स्क्रूची भोकं, हँडलच्या दांड्याचा सांधा, गादीखालच्या पत्र्याची दुमडलेली कड, सगळं उघडायचं आणि वाफेच्या मशीनने सावकाश फिरायचं. सावकाश म्हणजे खरंच सावकाश, जोरात झोत मारला तर ढेकूण मरायच्या ऐवजी उडून पलीकडे पडतात. मोटरवाला बेड किंवा एअर बेड असेल तर वाफ नको, शिवणी न् कडा हाताने पुसून बघा. व्हीलचेअरच्या सीटची घडी आणि वॉकरच्या मुठी विसरू नका.

गादी गच्चीवर उन्हात टाका हा सल्ला मला ऐकवत नाही. वरचं कापड तापतं, ढेकूण आत थंडाव्याला सरकतात, आणि वर नेताना जिन्यात चार पडतात ते वेगळंच.

सगळ्यात अवघड म्हणजे सामान. खाटेखालची ट्रंक ही त्या माणसाचं उरलेलं घर असतं, ती आजी जेवायला गेल्यावर उघडून अर्धं फेकून देणाऱ्या मॅनेजरचा मला मनापासून राग येतो. शेजारी बसा, "आजी, तुमच्यासमोरच उघडतो, विचारल्याशिवाय काही टाकणार नाही" असं सांगा आणि शब्द पाळा, मग एका ट्रंकेला सकाळ गेली तरी जाऊ द्या. देवाच्या फोटोची मागची पुठ्ठ्याची बाजू बघा, तिथे हमखास असतात. पोथी धुता येत नाही, ती त्यांच्या परवानगीने घट्ट पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ४ दिवस ठेवायची, आणि तो फ्रीजर मासे-मटणाचा नाही ना ते आधी बघायचं.

फवारणीला कृषी खात्याचं लायसन्स असलेलाच माणूस बोलवा आणि कुठलं औषध ते लिहून घ्या. धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा, त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो शेजारच्या खोलीत झिरपतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. रॉकेल तर नावच काढू नका, शेजारी ऑक्सिजन लावलेला असतो. दम्याच्या, ऑक्सिजनवरच्या माणसाला मी त्या रात्री दुसऱ्या खोलीत ठेवतो, पण कपडे बदलून, व्हीलचेअर तपासून. बाकीच्यांनी औषध वाळून खोली हवेशीर झाली की आपापल्या खाटेवरच झोपायचं. आठवडाभर खोली रिकामी ठेवून काही साधत नाही, ढेकूण न खाता महिनोन्‌महिने राहतात, आणि माणूस खाटेवर असला की त्याच्याकडे यायला ते औषधावरून चालतात.

दुसरी फवारणी १२ ते १४ दिवसांनी, ती रद्द करायची नाही, एकही दिसत नसला तरी. औषधाने अंडी सहसा मरत नाहीत आणि आपल्याकडच्या उकाड्यात ती ६ ते १० दिवसांत फुटतात. ट्रस्टी म्हणतील आता कशाला खर्च, तर त्यांना हे सांगा, आणि पहिल्याच कोटेशनमध्ये दोन्ही वेळा लिहून घ्या म्हणजे वाद नको.

मधल्या दिवसांत भिंती करून घ्या. पावसाळ्यात ओल येऊन पोपडे सुटलेत ते खरवडून, स्विचबोर्डाच्या कडा, चौकट, स्कर्टिंगच्या फटी बुजवून टाका. ओल बाहेरून येत असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर पुढच्या जुलैत परत पोपडे. खाट भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला लागू द्यायची नाही, चारही पायांखाली प्लॅस्टिकच्या खोलगट वाट्या, आतून टाल्कम पावडर फासून. उष्ण भागातली ढेकणाची जात गुळगुळीत प्लॅस्टिकवरही चढते म्हणून पावडर हवीच. रोज सकाळी मावशींनी वाट्यांत ढेकूण पडलेत का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. नवीन आजोबा आले किंवा कोणी हॉस्पिटलातून परत आलं की बॅग आधी बाथरूमच्या लादीवर उघडायची, मग खोलीत.