सव्वा इंचाचं भांडण

मित्र परदेशी गेला, तसं आमचं वॉरहॅमर (छोट्या सैनिक-बाहुल्यांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ) टेबलटॉप सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या आभासी टेबलावर आलं. पहिल्याच डावात जुंपली: माझ्या मते त्याचे सैनिक १२ इंचांच्या पल्ल्याबाहेर, त्याच्या मते आत. चूक माझीच. मी मध्यापासून मध्यापर्यंत मोजत होतो. नियमाप्रमाणे अंतर बेसच्या, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या गोल बैठकीच्या, कडेपासून कडेपर्यंत. दोन्ही बेस ३२ मिलिमीटरचे, म्हणजे फरक तब्बल सव्वा इंचाचा! खऱ्या टेबलावर मोजपट्टी आपसूक कडेला टेकते, त्यामुळे हे कधी जाणवलंच नव्हतं.

मग प्रत्येक सैनिकाखाली अर्धपारदर्शक चकती जोडली. त्रिज्या १२ अधिक बेसची ०.६३, म्हणजे १२.६३ इंच. चकती शत्रूच्या बेसला शिवली की गोळी चालणार. पन्नास चकत्यांनी लॅपटॉप मात्र रडकुंडीला आला. आता निवडलेल्या सैनिकाचीच दाखवतो.