पोटासाठी म्हणून नवे पदार्थ आणताना या चुका टाळा

सुपरमार्केटमध्ये केफिर (आंबवलेले दूध), कोम्बुचा (आंबवलेला चहा), किमची (कोरियन पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्या), सॉअरक्राउट (आंबवलेला कोबी), जिवंत जंतूंचे दही आणि वरून तंतू (फायबर) घातलेले बार हे सगळे आता शेजारीशेजारी मांडलेले असतात, आणि पोट सुधारायचे ठरवून गेलेला माणूस त्यांतले चारपाच पदार्थ एकदमच घेऊन येतो. आठवडाभरात पोट फुगते, गॅस होतो, क्वचित जुलाबही होतात, आणि नेमके काय बाधले हे कळायला मार्ग उरत नाही. मग हे सगळेच पदार्थ निरुपयोगी ठरवून टाकून दिले जातात. माझ्या मते यात पदार्थांपेक्षा क्रमाचा दोष अधिक असतो, आणि पुढच्या बहुतेक चुका या एका चुकीतूनच निघतात.

एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यावा, तोही पाकिटावर लिहिलेल्या एका वाढपाच्या (सर्व्हिंगच्या) पाव भागापासून सुरू करावा, आणि चारपाच दिवस पोट शांत राहिले तरच प्रमाण वाढवावे. एवढ्या सावकाशीचे कारण पचनाच्या वेळेत आहे. खाल्लेले अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला साधारण सहा तास लागतात आणि त्याचा चोथा शरीराबाहेर पडायला एक ते तीन दिवस जातात, म्हणून संध्याकाळी फुगलेल्या पोटाचा दोष नुकत्याच घेतलेल्या चहाला देणे बहुधा चुकीचे असते. कारण दुपारच्या जेवणात किंवा सकाळच्या त्या ‘हाय फायबर’ बारमध्ये असू शकते. काय खाल्ले, किती खाल्ले आणि त्रास कधी झाला, एवढी नोंद ठेवली तरी बराच उलगडा होतो.

या बारच्या घटकांच्या यादीत इन्युलिन, चिकरीच्या मुळाचा तंतू किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड यांपैकी एखादे नाव हमखास सापडते. हे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यातील जंतूंचे खाद्य होतात आणि जंतू ते आंबवताना वायू तयार होतो. म्हणजे थोडा गॅस होणे हे पदार्थ काम करत असल्याचेच लक्षण आहे. पण सवय नसलेल्या पोटावर बार, पेय आणि तृणधान्याचा नाश्ता अशा तीन वाटांनी तोच तंतू एकाच दिवशी आदळला, तर त्रास होणारच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ सुचवते. आज त्याच्या निम्म्यावर असलेल्याने तिथवर पोहोचायला काही आठवडे घ्यावेत आणि सोबत पाणीही वाढवावे. पाणी न वाढवता तंतू वाढवल्याने बद्धकोष्ठता उलट वाढू शकते, आणि इसबगोल तर पुरेशा पाण्याशिवाय कधीच घेऊ नये, कारण तो घशात फुगून अडकण्याचा धोका असतो.

‘आंबवलेले’ म्हणजे ‘जिवंत’ नव्हे

दुसरी मोठी चूक लेबल अर्धवट वाचण्याची आहे. उघड्या फडताळावर महिनोन्महिने टिकणारे बाटलीबंद सॉअरक्राउट बहुधा आंबवल्यानंतर उष्णता देऊन पाश्चरीकृत केलेले असते. त्याची चव आणि तंतू शिल्लक राहतात, पण जिवंत जंतू राहत नाहीत. काही भाज्या तर आंबवलेल्याच नसतात, फक्त व्हिनेगरमध्ये घातलेल्या असतात. जिवंत जंतू हवे असतील तर शीतकपाटातला माल पाहावा. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे: दह्याच्या डब्यावर ‘पाश्चरीकृत दूध’ असे लिहिले असेल तर बिघडत नाही, कारण ती प्रक्रिया विरजण लावण्याआधी झालेली असते; ‘आंबवल्यानंतर उष्णताप्रक्रिया केलेले’ असे लिहिले असेल, तर मात्र जंतू गेले असे समजावे. विकत आणलेली जिवंत किमची उकळत्या रश्श्यात शिजवली, तर तेच काम आपण घरी करतो. ती आच बंद करून, ताटात वाढताना वरून घालावी.

‘प्रोबायोटिक’ (आरोग्याला उपयोगी जिवंत जंतू) हा शब्द दिसला की शोध थांबवू नये. परिणाम जंतूच्या विशिष्ट वाणावर (स्ट्रेनवर) अवलंबून असतो, त्यामुळे प्रजातीच्या नावापुढे वाणाची अक्षरे किंवा आकडे दिलेले असतील तर ते उत्पादन अधिक विश्वासार्ह समजावे. जंतूंची संख्या उत्पादनाच्या वेळची आहे की मुदत संपेपर्यंतची, हेही पाहावे. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या जंतूंच्या गटाची अनेक नव्या गटांत विभागणी झाल्यामुळे एकच वाण कुठे लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस, तर कुठे लॅक्टिकॅसिबॅसिलस रॅम्नोसस या नावाने छापलेला आढळतो. नाव बदललेले पाहून तोच जंतू दुसऱ्यांदा विकत घेण्याचे कारण नाही.

साखरेबद्दल फार सांगायला नको. फळांच्या स्वादाच्या दह्यात आणि कोम्बुचात ती किती आहे ते पाकिटामागच्या तक्त्यात दिसतेच. ‘साखरविरहित’ बारमधल्या सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थांकडे मात्र लक्ष द्यावे, कारण जास्त प्रमाणात ते रेचक ठरतात आणि त्याचे खापर बिचाऱ्या तंतूंवर फुटते. किमची आणि सॉअरक्राउटमध्ये मीठ बरेच असते, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी ते हिशेबात धरावे. कच्चे, पाश्चरीकरण न केलेले कोम्बुचा शीतकपाटाबाहेर ठेवल्यास आंबतच राहते. त्यामुळे बाटलीत दाब वाढतो आणि मद्यांशही वाढू शकतो.

त्रास झालाच तर

पोट फुगले तर नवा पदार्थ लगेच कायमचा बाद करू नये. काही दिवस थांबवून निम्म्या प्रमाणात पुन्हा घ्यावा. त्रास पुन्हा तसाच झाला, तर तो पदार्थ आपल्याला मानवत नाही असे धरायला हरकत नाही. डबाबंद कडधान्यांनी गॅस होत असेल तर डब्यातले पाणी ओतून ती धुऊन घ्यावीत, कारण वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. चार आठवडे नेमाने घेऊनही काहीच फरक पडला नाही, तर त्या महागड्या बाटलीवरचा खर्च थांबवावा. असे जंतू आतड्यात सहसा कायमचे वस्तीला राहत नाहीत, त्यामुळे ‘आणखी थोडे दिवस’ म्हणत राहण्यात अर्थ नसतो.

ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांमुळे खालावली आहे, त्यांनी जिवंत जंतूंचे पदार्थ डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. शौचातून रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे, त्रासाने रात्री झोपमोड होणे किंवा शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकणारा बदल होणे, ही लक्षणे असताना सुपरमार्केटमध्ये उपाय शोधत बसू नये. गव्हाचा संशय असेल तर गहू आपल्या मनाने बंद करण्याआधी सिलिअ‍ॅक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) तपासणी करून घ्यावी, कारण ग्लुटेन आधीच सोडलेले असेल तर आजार असूनही तपासणीत तो न दिसण्याची शक्यता असते.